नाकाला जागलेला डॉक्टर

तांबड्या वाइनबरोबर काय खावं, हा विषय कोणी माझ्यासमोर काढला की माझं डोकं फिरतं. हल्ली आमच्या यवतमाळातसुद्धा तो निघतो. विचारणाऱ्याचा त्यात काही दोष नसतो. पण मला आमचे डॉक्टर आठवतात, मिटल्या डोळ्यांनी ग्लासात खुपसलेलं त्यांचं लांब नाक आठवतं, आणि समोरच्या ताटावरची वासना उडते. डॉक्टर जाऊन पुष्कळ वर्षं झाली. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरतो.

पुसदकडच्या एका गावात त्यांचा दवाखाना होता आणि मी त्यांचा कंपाउंडर होतो. गावापासून कोसभरावर आमचा बंजाऱ्यांचा तांडा. तिथून शिकून पगाराला लागलेला मी पहिलाच, त्यामुळे तांड्यावर मला निम्मा डॉक्टर समजत. खरे डॉक्टर सत्तरीला टेकलेले होते. बायको केव्हाच वारलेली, मूलबाळ नाही. खाली खाकी हाफपँट आणि वर काळा कोट, असा त्यांचा बारमाही पोशाख. भर उन्हाळ्यात गाव झाडाखाली पडून असायचं, तेव्हाही कोटाचं बटण निघायचं नाही.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्सला जखमी शिपायांच्या इस्पितळात होते. तिथून कोणी पदकं आणली, कोणी लंगडे पाय आणले, डॉक्टरांनी नाक आणलं. त्या मुलखात बोर्दो नावाचा प्रांत आहे, तिथल्या तांबड्या वाइनचा त्यांना नाद लागला तो लागलाच. मुंबईच्या एका दुकानातून वर्षाकाठी त्यांच्या नावाची पेटी यायची. यवतमाळपर्यंत मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं. गाडीवान हळू हाकत नाही म्हणून डॉक्टर गावाच्या वेशीपासून गाडीपुढं चालत यायचे आणि वाटेतले दगड स्वतः उचलून बाजूला टाकायचे. लोक हसायचे. डॉक्टर त्यांना शिव्या घालायचे, त्याही फ्रेंच, त्यामुळे कोणाचं काही बिघडत नसे.

मी खोकल्याचं औषध ढवळत असलो की त्यांचा पाठ सुरू व्हायचा.

"ही एका द्राक्षाची नव्हे, मिसळीची असते. कॅबर्ने म्हणजे कडक सासरा. घराला शिस्त लावतो, पण एकटा असला की घर खायला उठतं. मेर्लो म्हणजे सासू. सासऱ्याचंच म्हणणं ती मऊ करून सांगते. दोघं नांदले तर संसार. समजलं का?"

मी हो म्हणायचो. पगार त्यांच्याच हातून मिळायचा.

वाइन तापू नये म्हणून दवाखान्याच्या मागच्या खोलीत जमिनीत खड्डा करून त्यात वाळू भरली होती. त्या वाळूत बाटल्या आडव्या निजवलेल्या आणि वाळूवर रोज पाणी शिंपडायचं. चैत्र उलटला की गावातल्या विहिरी तळाला जायच्या. बाया एका घागरीसाठी भांडायच्या. तेव्हाही मी घागर आणून त्या वाळूवर ओतायचो आणि ओतताना मनातल्या मनात डॉक्टरांचा उद्धार करायचो. एकदा न राहवून म्हटलं, "साहेब, मानसाईले पानी नाही." ते म्हणाले, "माणसं ओरडून सांगू शकतात. बाटली सांगू शकत नाही." अशा माणसाशी काय बोलणार?

रविवारी दवाखाना बंद असला की जोडीच्या खाण्याचे प्रयोग चालत. डॉक्टर स्वतः शेगडीपुढं बसायचे. आपलं काळ्या मसाल्याचं तर्रीवालं मटण त्यांनी पहिल्याच घोटाला बाद केलं. तिखटापुढं वाइन बिचारी तोंडात मारल्यासारखी गप्प होते, म्हणाले. पाटोडीचा रस्सा, ठेचा, शेगोळे, सगळे नापास. वांग्याचं भरीत मात्र पास, पण मिरची न घालता. त्यातला धूर वाइनला मानवतो म्हणे. पावसाळ्यात वारुळापाशी उगवणाऱ्या सात्या, म्हणजे रानअळंब्या, तुपावर परतून त्यांनी खाल्ल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांत वरचा नंबर मिळाला तो निखाऱ्यावर नुसत्या मिठात भाजलेल्या बकऱ्याच्या काळजाला. फ्रान्समध्ये म्हणे याच्याबरोबर जुनं चीज खातात. ते इथं कुठून आणणार? म्हणून त्यांनी चक्का फडक्यात बांधून महिनाभर माळ्यावर टांगला. त्याचा वास दवाखान्यात असा उतरला की दोन पेशंट न तपासताच बरे होऊन घरी गेले.

एकदा तहसीलदार भेटीला आले. डॉक्टरांनी मोठ्या मनानं ग्लास भरून दिला. तहसीलदारांनी खिशातून सोड्याची बाटली काढली आणि ग्लासात ओतली. डॉक्टर उठले, त्यांच्या हातातून ग्लास घेतला, अंगणातल्या कडुनिंबाच्या बुडाशी ओतला आणि म्हणाले, "या आता. ताप आला तर या, एरवी येऊ नका." तहसीलदार! पण डॉक्टरांना कोणाची भीडच नव्हती. तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला होता, हेही सांगून टाकतो.

आणि त्यांच्या हाताला गुण होता. रागातसुद्धा खोटं बोलू नये. ते पेशंटची जीभ बघायच्या आधी तोंडाचा वास घ्यायचे. साखरेचा आजार त्यांनी नुसत्या श्वासावरून ओळखलेला मी पाहिला आहे. "काल अंबाडीची भाजी खाल्लीस, आणि मला सांगतोस की उपास होता," असं एका म्हाताऱ्याला त्यांनी सुनावलं तेव्हा तो पायाच पडला. "जीभ खोटं बोलते, नाक बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून एकदा तरी ते कानावर पडायचंच. ते वाक्य पुढं कोणाच्या मुळावर येणार आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आमचा भाग मुंबई राज्यात गेला आणि त्यामागून दारूबंदी आली. डॉक्टरांचं काही अडलं नाही. ओळखीच्या एका डॉक्टरानं लिहून दिलं की यांच्या हृदयाला रोज थोडी वाइन आवश्यक आहे. परमिट आलं. डॉक्टरांनी ते चौकटीत बसवून भिंतीवर टांगलं.

तांड्याचं मात्र अडलं. आमच्याकडं लग्नात मोहाची दारू लागते. चैनीची गोष्ट नाही ती, रीत आहे. पाहुण्यांनी ओट्यावर बसून पहिले थेंब बोटांनी जमिनीवर शिंपडायचे, गेलेल्या वाडवडिलांना द्यायचे, मग स्वतः घ्यायची. ते झाल्याशिवाय सोयरीक पक्की झाली असं कोणी मानत नसे. सरकारनं एका कागदानं रीत बंद केली. पण वाडवडिलांना तो कागद वाचता येत नव्हता.

माझी आई लहानपणीच गेली. मला वाढवलं ते काकीनं. काकीला एकुलती एक मुलगी होती, माझ्या पाठची बहीणच ती. तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं. काका वारलेले, म्हणून सगळं काकीच्याच अंगावर. तिनं लग्नासाठी मोहाची फुलं वेचली, भिजवली, आणि एका दुपारी नाल्याच्या काठी भट्टी लावली. कोणी चहाडी केली देव जाणे. पोलीस आले आणि मडक्यासकट काकीला घेऊन गेले.

जामिनावर ती घरी आली तेव्हा तिला तुरुंगाची भीती वाटत नव्हती. तिला दुसरीच काळजी होती. आमच्यात नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडते. ते नुसतं रडणं नसतं, गाऊन रडायचं असतं, त्याला ढावलो म्हणतात. आईच्या गळ्यातला ढावलो सगळ्यांत मोठा. लेक त्यात सगळं बोलून घेते. दूध पाजलंस, मारलंस, आता परक्याच्या गाडीत का बसवतेस, असं सगळं. आयुष्यात एकदाच. काकी मला म्हणाली, "मले जेल झाली तं झाली. पन लगन होऊ दे. माही पोट्टी कोनाच्या गळ्यात पडन?"

आमच्या वकिलानं तोड काढली होती. मोहाची फुलं भिजवून बैलांना घालतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मडक्यात तेच आंबलेलं पाणी होतं, असं सांगायचं. भट्टीचं सामान पंचनाम्यात नीट आलंच नव्हतं. सगळा खटला अडला होता तो डॉक्टरांच्या साक्षीवर. सरकारी दवाखान्यात डॉक्टर टिकत नसे, म्हणून पोलिसांच्या असल्या तपासण्या आमच्याच डॉक्टरांकडं यायच्या. त्यांनी "नक्की सांगता येत नाही" एवढं म्हटलं की काकी सुटली.

मी आदल्या दिवशी त्यांच्यापुढं हात जोडले. काकी कोण, लग्न केव्हा, ढावलो म्हणजे काय, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "लग्न कधी म्हणालास?" म्हणून पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "काळजी करू नको. तुझ्या काकीचा अपमान मी होऊ देणार नाही." मला वाटलं, झालं काम. घरी जाऊन मी काकीला तसं सांगितलं. तिनं डॉक्टरांसाठी कोंबडं राखून ठेवलं.

मॅजिस्ट्रेट दौऱ्यावर आले की रेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात कोर्ट भरायचं. काकी एका खांबाशी उभी होती, घुंगटाची ओढणी पुढं ओढून. मडक्यातल्या नमुन्याची, लाख लावून बंद केलेली बाटली टेबलावर आली. डॉक्टरांना विचारलं, हे काय आहे?

डॉक्टरांनी बूच काढलं. कोटाच्या खिशातून स्वतःचा काचेचा ग्लास काढला. कोर्टात! त्यात दोन बोटं ओतली, ग्लास गोल फिरवला, नाक घातलं आणि डोळे मिटले. ते डोळे मला माहीत होते. काळजाच्या रविवारी ते तसेच मिटायचे.

"पहिल्या धारेची आहे," डॉक्टर म्हणाले. "गूळ नाही, नवसागर नाही. मंद आचेवर काढलेली. जळका वास अजिबात नाही. फूल उन्हात वाळवलंय, सावलीत नाही, म्हणून हा मधासारखा वास राहिलाय."

मॅजिस्ट्रेट म्हणाले, "म्हणजे दारूच ना?"

"दारू? साहेब, गुत्त्यात मिळते ती दारू. या वासाच्या तोडीचं मी फ्रान्समध्ये सुद्धा फार थोडं हुंगलंय. हिच्याबरोबर निखाऱ्यावर भाजलेलं काळीज घ्यावं, नुसतं मीठ लावून. माझ्या बोर्दोला काळीज चालतं, हिला शोभतं. हा हात साधा नाही. या हाताला बक्षीस द्यायला हवं."

लोक हसले. मॅजिस्ट्रेटही हसले आणि हसत हसतच लिहू लागले. आमच्या वकिलानं कपाळाला हात लावला. काकीला मराठी पुरतं कळायचं, पण यातलं काय चाललंय ते तिला कळेना. साहेब आपली तारीफ करतायत एवढं कळलं. तिनं ओढणीआडून डॉक्टरांना नमस्कार केला. त्यानंतर शिपायानं तिला शिक्षा सांगितली, तीन महिने.

आणि हा माणूस काय करतो? व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून तिच्यापाशी जातो, आणि पोलीस तिला गाडीकडं नेत असताना सांगतो, "बाई, मी तुमची इज्जत राखली. बैलांचं पाणी म्हणू दिलं नाही." चेहरा असा उजळलेला, जणू यांच्याच घरची पोरगी पास झाली होती.

मी दवाखान्यात जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्या दिवशी माझ्या तोंडून पुस्तकी मराठी निघालीच नाही. "कोन इचारलं होतं तुमाले एवढं? कायले बोलले तुमी? 'सांगता येत नाई', एवढंच म्हनाचं होतं. तुमची जीभ झडली असती का?"

"जीभ खोटं बोलली असती," ते म्हणाले, "नाक बोलत नाही. मी ते विकत नाही."

"इकाले कोन सांगतलं? तुमच्या हृदयाले लागते थे औषध, अन् आमच्या लग्नाले लागते थो गुन्हा. भिंतीवर परमिट टांगून खऱ्याच्या गोष्टी सांगू राह्यले तुमी!"

मी हात उचलणारा माणूस नाही, पण त्या दिवशी ती चौकट भिंतीवरून काढून आपटली. काच फुटली. डॉक्टर वाकून काचा वेचू लागले. मला वाटलं नोकरी गेली. गेली नाही, आणि मीही सोडली नाही. तांड्याच्या लोकांना औषध देणारा दुसरा कोणी त्या गावात नव्हता. पण त्यानंतर वाळूवर पाणी शिंपडणं मी बंद केलं. ते त्यांचे ते करू लागले.

मुलाकडचे लग्न पुढं ढकलायला तयार झाले नाहीत. वैशाखात ठरल्या दिवशी लग्न झालं. बहीण निघाली तेव्हा आईच्या जागी तांड्याच्या नायकाची बायको उभी राहिली. चांगली बाई होती, तिनं मायेनं जवळ घेतलं. बहिणीनं ढावलो सुरू केला आणि "याडी" म्हणून हाक मारली. आमच्यात आईला याडी म्हणतात. त्या हाकेवर ती अडली. पुढचं तिला म्हणताच येईना. तशीच गाडीत बसली.

काकी सुटून आली तेव्हा पेरण्या उरकल्या होत्या. तुरुंगाबद्दल ती काही बोलली नाही. लेकीचं लग्न कसं झालं ते मात्र प्रत्येकाकडून वेगवेगळं ऐकून घेतलं.

काकी आली हे डॉक्टरांना कळलं. त्यांनी बैलगाडी सांगितली, वाळूतली सगळ्यांत जुनी बाटली उकरून फडक्यात गुंडाळली, दोन ग्लास घेतले. "चल," मला म्हणाले. मी गेलो. काकीसमोर ते काय तोंड दाखवतात ते मला पाहायचं होतं.

काकीनं बाजेवर गोधडी टाकली, पाणी दिलं. डॉक्टरांनी कोट सारखा केला आणि बाटली पुढं केली. "ही फ्रान्सची. बरीच वर्षं जपलेली. तुमच्या हाताला माझी सलामी म्हणून आणलीये. काळीज मिळेल का कुठं? मी भाजतो." मला तिथंच त्यांची मान धरावीशी वाटली. तीन महिने तुरुंगात घातलं तिला, आणि हा माणूस जोडीला काय खायचं ते ठरवतोय!

काकीनं बाटलीला हात लावला नाही. म्हणाली, "सायेब, थे बाटली बाहीर गाडीत ठुवा. तुमच्या हातात थे औषध हाये. माह्या घरात आली का गुन्हा होते."

डॉक्टरांनी बाटली मला दिली. मी ती गाडीत नेऊन ठेवली. परत आलो तेव्हा काकी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली होती. आवाज चढलेला नव्हता. रोजच्या कामाचं काही विचारावं तसं विचारत होती.

"तुमचं नाक खरं हाये, सायेब. मी कुठी नाई म्हनते? दारूच होती, अन् चांगली होती. माह्या पोरीच्या लग्नाची होती, वाईट कशी करीन? पन मले एक सांगा. त्या दिवशी तुमाले सर्दी झाली असती, तं काय बिघडलं असतं?"

बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. काकी उत्तराची वाट पाहत राहिली. तिला खरंच उत्तर हवं होतं. मग ती उठली, चुलीपाशी गेली आणि त्यांना भाकर आणि ठेचा वाढला, कारण आलेल्या माणसाला उपाशी पाठवायची आमच्यात रीत नाही. डॉक्टरांनी सगळं खाल्लं. तिखटानं नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी पुसलं नाही. कशाबरोबर काय शोभतं, त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

त्यानंतर डॉक्टरांना सर्दी झाली. ती कायमची. दारूबंदीचा खटला निघाला की ते गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळून व्हरांड्यात हजर व्हायचे. वैशाखाचं ऊन, माणसं पंख्यानं वारा घेतायत, आणि हे मफलरात. बाटली पुढं आली की रुमाल नाकाला लावायचे. "माफ करा, मला सर्दी आहे. काही सांगता येत नाही." मॅजिस्ट्रेट चिडायचे, पोलीस दात-ओठ खायचे. एकदा धमकीसुद्धा मिळाली. डॉक्टर शिंकायचे. कोलामांच्या पोडावरची, म्हणजे त्यांच्या वस्तीवरची, एक म्हातारी सुटली, आमच्या तांड्याचे दोघं सुटले, आणखीही सुटले. शेवटी त्यांना बोलावणंच बंद झालं. पेशंटच्या तोंडाचा वास घेणंही त्यांनी सोडलं. ती जुनी बाटली गाडीतून परत आली ती वाळूत गेलीच नाही. औषधांच्या कपाटात उभी राहिली आणि त्या उन्हाळ्यात आंबून गेली असणार. त्यांनी ती उघडून पाहिली नाही.

लोक मला म्हणतात, बघ, माणूस सुधारला, आता तरी राग सोड. कसा सोडू? खोटं बोलता येत होतं त्यांना. किती सोपं होतं, हे त्यांनी पुढं वर्षानुवर्षं मफलर घालून सगळ्या गावाला दाखवलं. माझ्या काकीच्या दिवशी तेवढं सुचलं नाही.

काकी म्हातारी होऊन गेली. बहीण सासरहून आली, तिच्या गळ्यात पडली आणि तिनं अडलेला ढावलो पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला. चांगला म्हटला. ऐकायची तीच तेवढी नव्हती.

परवा जावयानं घरी तांबडी बाटली आणली. फ्रेंच आहे, दोन द्राक्षांची मिसळ आहे, असं काय काय सांगत होता. मोठ्या प्रेमानं ग्लास माझ्यापुढं धरला. म्हणाला, "मामा, तुम्ही त्या डॉक्टरांकडं शिकलात ना? जरा वास घेऊन सांगा, कशी आहे."

मी ग्लास खाली ठेवला.

"मला सर्दी आहे," मी म्हटलं.